काम नसलेला आठवडा

या आठवड्यात ऑफिसात कामच नव्हतं. अगदी शून्य नव्हे, पण सोमवारी अकराच्या सुमारास माझी दिवसभराची यादी संपली आणि पुढे अख्खा दिवस आ वासून बसलेला. आम्ही सगळे मिळून सहा जण. मोठं काम मागच्या शुक्रवारी हातावेगळं झालं होतं, नवं यायला अवकाश होता आणि साहेब दौऱ्यावर. म्हणजे सुखच की! तरी सोमवार-मंगळवारी मी जेवढी दमले तेवढी हिशेब बंद करायच्या धावपळीतही दमत नाही.

कारण काम नसताना काम करतोय असं दाखवणं हे फार कष्टाचं काम आहे. माझी पद्धत सांगते. जुनी एक्सेल शीट उघडायची आणि कॉलमची रुंदी कमी-जास्त करत बसायचं. माझ्या शेजारचा दणादण टाइप करतो; मग बराच वेळ एकच बटण दाबून धरल्याचा आवाज येतो, म्हणजे लिहिलेलं सगळं पुसतोय. तिसरी हातात फाइल घेऊन फिरते. हातात कागद असलेल्या माणसाला कुठे निघालात असं कुणी विचारत नाही, हे तिला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलेलं दिसतं.

नॉर्थकोट पार्किन्सन नावाच्या इंग्रज इतिहासकाराने १९५५ साली लिहून ठेवलंय, की जेवढा वेळ हाताशी असेल तेवढं काम पसरत जातं. मला ती आपली गंमत वाटायची. मंगळवारी दोन ओळींच्या मेलला मला पाऊण तास लागला. ‘नमस्कार’ लिहावं की ‘सस्नेह नमस्कार’, यातच दहा मिनिटं गेली. शेवटी दोन्ही काढून टाकलं.

पण साहेब तर दौऱ्यावर होते. मग हे नाटक चाललं होतं कुणासाठी? एकमेकांसाठी! सहा जण, आणि सहाही जण बाकीच्या पाचांना घाबरून व्यस्त. रिकामं दिसण्याची एवढी लाज आपल्याला कुणी लावली कोण जाणे.

बुधवारी दुपारी आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलाने मोठ्याने विचारलं, “ताई, मेलमध्ये सीसी लिहितात त्याचा फुल फॉर्म काय?” आणि नाटकाचा पडदा पडला. कार्बन कॉपी म्हटल्यावर त्याला कार्बन पेपर म्हणजे काय ते सांगावं लागलं. आमच्यातले सगळ्यात जुने सहकारी खुर्ची फिरवून सरसावून बसले. दोन कागदांमध्ये तो निळा-काळा कागद कसा घालायचा, एक अक्षर चुकलं की सगळ्या प्रतींवर कशी खाडाखोड व्हायची, बोटं कशी काळी व्हायची, सगळं हातवारे करून. इतक्या वर्षांत त्यांना इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मग विषय कुठल्या कुठे. फोनवर १-२-३ वरच्या ओळीत असतात आणि कॅल्क्युलेटरवर ७-८-९, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं. बारा वर्षं आकडेमोड करतेय! कॅल्क्युलेटरची मांडणी जुन्या बेरजेच्या यंत्रांवरून आली. बटणांचे फोन बाजारात आले १९६३ साली, आणि त्याआधी लोकांवर वेगवेगळ्या मांडण्या तपासून त्यांची निराळी ठरवली गेली. माझ्या बोटांना दोन्ही पाठ होत्या, मलाच पत्ता नव्हता.

त्या मुलाने एक हिशेबही घातला. ए-झिरो कागद बरोबर एक चौरस मीटरचा, त्याचे सोळा ए-फोर होतात. ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा कागद असेल तर एका पानाचं वजन भरतं ५ ग्रॅम. म्हणजे पाचशे पानांची रीम अडीच किलो. आम्ही कौतुक करतोय तेवढ्यात आमचे शिपाई काका म्हणाले, “अडीचच. चार घेतल्या की दहा. जिने चढताना कळतं.”

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांचा आठवडा शांत नव्हताच. काम असो-नसो, फायली जागेवर लावायच्या, भिंतीवरचं मागे पडणारं घड्याळ पुढे करायचं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. सहा जणांत तेवढे एकच नाटक करत नव्हते. ते प्रिंटरमध्ये कागद घालताना गठ्ठा पत्त्यांसारखा फुलवतात, पानं सुटी करतात, मग कडा टेबलावर ठोकून सारख्या करतात. उरलेला कागद परत वेष्टनात गुंडाळून ठेवतात, नाहीतर दमट हवेने पानं वाकतात. आपला प्रिंटर मुळातच गुणी आहे, कधी कागद अडकवत नाही, असा माझा समज होता. गुरुवारी काका अर्धी रजा घेऊन गेले. मी दिमाखात कागद घातला आणि तीन पानांत प्रिंटर अडकला. झाकण उघडून आत डोकावत बसले अर्धा तास. खरं सांगायचं तर त्या आठवड्यातलं माझं पहिलं खरं काम तेच.

शुक्रवारी चार वाजता नव्या कामाचा मेल आला. सगळ्यांच्या पाठी ताठ झाल्या, कीबोर्ड खडखडू लागले. मी आधी सीसीत कोण कोण आहे ते पाहिलं. आम्ही सगळे होतो. काका नव्हते. त्यांना ऑफिसचा मेल आयडीच दिलेला नाही.

काका तोवर प्रिंटरपाशी पोचले होते, गठ्ठा फुलवत.