रार, उद्गारचिन्हासकट

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत एकदाचा स्कॅन झाला आणि पुण्याच्या दादाने तो मला मेलने पाठवला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. निवृत्त झाल्यापासून त्याच्या अंगात पूर्वज येतात. मेल एक नव्हे, अकरा आले. पंचवीस एमबीच्या वर मेलला काही जोडता येत नाही, म्हणून त्याने सगळ्या घराण्याचे अकरा तुकडे करून घेतले होते. प्रत्येक तुकड्याचं आडनाव रार. म्हणजे अनेक फाइली दाबून एकाच गाठोड्यात बांधायची एक पद्धत.

पहिल्यावर डबल-क्लिक केलं. संगणकाने विचारलं, ही फाइल कशाने उघडू? आता हे त्याला ठाऊक नसेल तर मला कुठून असणार? नोटपॅडने उघड, म्हटलं. त्यानेही मुकाट्याने उघडली. सुरुवातीलाच स्वच्छ अक्षरांत आर, ए, आर आणि एक उद्गारचिन्ह. त्यापुढे चौकोन, प्रश्नचिन्हं, कुठल्या कुठल्या भाषांची सुटी अक्षरं. कुणीतरी ‘रार!’ असं ओरडून जागीच कोसळलं होतं.

मुलगी म्हणाली, “बाबा, तो शिक्का आहे. या जातीच्या प्रत्येक फाइलच्या कपाळावर असतो.”

खरंच असतो. झिप म्हणजे तसंच दुसऱ्या पद्धतीचं गाठोडं. त्या फाइलच्या कपाळावर ‘पीके’ असतं, म्हणजे ती काढणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. त्याने 1989 मध्ये झिप आणली आणि ती कशी बनते हेही जाहीर करून टाकलं. त्यामुळे झिप आज कुठेही उघडते. रार 1993 ची, रशियाच्या यूजीन रोशालची. रोशाल आर्काइव्ह म्हणून रार. हा गृहस्थ माझ्या मामीच्या वळणाचा. मामी लोणचं बरणीभर देते, पण कृती विचारली की “अंदाजाने घालते रे” म्हणून विषय बदलते. रार उघडायचा कोड रोशालने मोकळा ठेवलाय. अट एवढीच, की तो वाचून रार बनवायची रीत हुडकून काढायची नाही. खा, पण फोडणीत काय आहे ते विचारू नका.

आमच्या संगणकावर 2010 सालचा एक फुकटातला प्रोग्रॅम होता. त्याला ही फाइल दिली, तर तो म्हणाला, फाइल खराब आहे. मी दादाला फोन लावला.

“दादा, तुझी फाइल खराब आहे.”

“फाइल बरी आहे. तुझा संगणक म्हातारा झालाय.”

वाईट याचं वाटलं, की तो बरोबर निघाला. 2013 मध्ये रारची नवी पिढी आली आणि तिची मांडणीच वेगळी. जुन्या प्रोग्रॅमला ती ओळखू येत नाही. विंडोज 11 ला 2023 पासून रार आपलं आपण उघडता येतं म्हणे, पण आमच्याकडे विंडोज 7 आहे आणि ते आमच्याच स्वभावाचं झालंय.

शेवटी विनरार आणलं, म्हणजे रार बांधायचा आणि सोडायचा खास प्रोग्रॅम. ते 40 दिवस वापरून बघायला देतात, मग पैसे भरा म्हणतात आणि न भरले तरी चालू राहतात. दर वेळी उघडलं की आठवण मात्र करतात. नानाकाकांकडे 2009 पासून चाळिसावा दिवस चालू आहे. सोसायटीच्या मेंटेनन्सबाबतही त्यांचं धोरण हेच.

विनरारने पहिला तुकडा उघडला आणि दुसरा मागितला. दुसरा समोरच होता, पण मी शहाणपणा करून सगळ्यांना ‘दादाची फाइल 1’, ‘दादाची फाइल 2’ अशी नावं दिली होती. या तुकड्यांचं आगगाडीसारखं आहे. डब्यावरचा नंबर बदलला की पुढचा डबा मागच्याला ओळख देत नाही. नावं परत फिरवली. गाडी सहाव्या डब्यापर्यंत आली आणि थांबली. सातवा डबा स्पॅममध्ये सापडला, एका लॉटरीच्या आणि एका गुडघेदुखीच्या मेलच्या मधोमध.

मग पासवर्ड.

“सोप्पा ठेवलाय,” दादा म्हणाला, “आपलं कुलदैवत.”

कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. मराठीत त्याला एकच स्पेलिंग आहे. इंग्रजीत सुरुवातीला व्ही की डब्ल्यू? ‘व्या’ला एक ए की दोन? शेवटच्या ‘श्व’त पुन्हा व्ही की डब्ल्यू? मी वहीत तक्ता आखला. सतरा व्याडेश्वर झाले, एकालाही प्रसाद मिळाला नाही. जीव जळत होता तो वेगळ्याच कारणाने: दादाने फाइलींची नावं झाकली नव्हती. आत ‘पान 001’, ‘पान 002’ अशी चारशे बारा नावं स्पष्ट दिसत होती. काचेच्या कपाटात लाडू आणि किल्ली आजीच्या कनवटीला.

पुन्हा फोन.

“पहिलं अक्षर कॅपिटल टाकलंस का?”

“का टाकू?”

“अरे, देवाचं नाव आहे!”

उघडलं. एवढं दाबून-दडपून फाइल किती लहान झाली असेल म्हणून पाहिलं, तर जवळजवळ होती तेवढीच. स्कॅनचे फोटो आधीच पिळलेले असतात. वाळत घातलेला पंचा पुन्हा पिळून किती पाणी निघणार? मजकूर असता तर खरी कमाल दिसली असती. पुन्हा आलेली गोष्ट परत लिहायची नाही, ‘मागे अमुक ठिकाणी आहे तसंच’ एवढी खूण करायची, हा या विद्येचा पाया. लेम्पेल आणि झिव्ह या दोघांनी तो 1977 मध्ये घातला. आमच्या कुलवृत्तांतात आजोबा विष्णू, नातू विष्णू, मधला महादेव, असं नऊ पिढ्या चाललंय. नुसता टाइप केला असता तर सगळं घराणं पोस्टकार्डावर मावलं असतं.

आमची शाखा पान 287 वर होती. पणजोबांचं नाव, त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली: ‘या शाखेची पुढील माहिती उपलब्ध नाही. संबंधितांनी कळवावी.’

तिसरा फोन.

“मग? त्यासाठीच तर पाठवली तुला!” दादा म्हणाला. “चार पिढ्यांची माहिती भर, फोटो जोड आणि सगळं रार करून पाठव.”

मी विनरार उघडून पाहिलं. अजून 39 दिवस होते.