दहापैकी सहा

आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपवर प्रत्येक फोटोखाली एक ओळ ठरलेली असते : 'चुका सांगाव्यात, मार्गदर्शन करावे.' लग्नपत्रिकेत 'आपली उपस्थिती हाच आहेर' छापतात ना, तसलीच ही ओळ. ती खरी मानून कुणी हात हलवत गेलं, तर चार वर्षं त्याचं नाव निघतं. मला हे उमगेपर्यंत पुतणीचं जमत आलेलं स्थळ हातचं जायची वेळ आली होती.

मी लातूरला गणित शिकवतो. गुण देण्यात हयात गेली. त्यामुळे जुना कॅमेरा आणि 50 मिलिमीटरची लेन्स घेऊन या ग्रुपात शिरलो, तेव्हा लोकांनी माझ्यावर सरासरी काढायचं काम टाकलं. नियम साधा : रोज प्रत्येकाचा एक फोटो, बाकीच्यांनी दहापैकी गुण द्यायचे, रविवारी आठवड्याचा मानकरी. पहिल्या रविवारी बेरजा मारल्या. 9.8, 9.9, 9.8, 10. सगळेच बोर्डात आलेले! बीबी का मकबऱ्याचा पाण्यातल्या प्रतिबिंबासकट काढलेला तोच तो फोटो तीन जणांनी टाकला होता आणि तिघेही पहिले.

आमच्या गावाने 'लातूर पॅटर्न' काढला. इथे नव्वद टक्केवाल्या पोराचे आईबाप आठवडाभर तोंड लपवून फिरतात. तेव्हा दहापैकी सहाला इथे काय किंमत असणार? हळूहळू मला ही मोजपट्टी कळली. दहा म्हणजे फोटो पाहिला. नऊ म्हणजे पाहिला, पण मागच्या खेपेला तुम्ही माझा पाहिला नव्हता. आठ म्हणजे बांधावरचं भांडण.

आणि हे फक्त आपल्याकडचं खूळ नाही. फोटो डॉट नेट या जुन्या अमेरिकी संकेतस्थळावर फोटोला दोन वेगवेगळे गुण असत, एक देखणेपणाला आणि एक नवेपणाला, तेही एक ते सात. केवढी शास्त्रशुद्ध व्यवस्था! तरी दोस्तीखातर सातावर सात देणारे आणि उट्टं काढायला एक देणारे तिथेही होतेच. साहेब झाला म्हणून काय, माणूसच तो.

तर आता म्हैस.

शेजारच्या वस्तीवरच्या तात्यांच्या म्हशीचा मी फोटो काढला. सकाळचं ऊन, चौकटभर म्हैस, डोळ्यात गोठ्याच्या दाराचा उजेड. ग्रुपवर टाकला. चौदा 'अप्रतिम', सहा 'जबराट', एकानं तर नुसते हात जोडले. सरासरी 9.9. मी हवेत. प्रिंट काढून तात्यांना द्यायला गेलो. तात्यांनी ती लांब धरली, जवळ धरली.

"गुर्जी, ही म्हैस कुणाची?"

"तुमचीच की, तात्या."

"माझी काळीकुट्ट हाय. हिला का झालंय? राख फासलीय का?"

मी नीट पाहिलं. खरंच की! म्हैस राखाडी होती. एकवीस जाणकारांनी तिच्या डोळ्यातल्या कारुण्याबद्दल लिहिलं होतं, पण म्हशीचा रंग उडालाय हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. आलं असेल तर सांगितलं नव्हतं.

त्या रात्री जागून वाचलं. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला म्हैस कळत नाही. समोर जे काही आहे ते मध्यम करड्या रंगाचं आहे, उजेडाचा साधारण 18 टक्के भाग परत फेकणारं आहे, एवढंच तो धरून चालतो. काळीभोर म्हैस दिसली की त्याला वाटतं उजेड कमी पडलाय. तो वाढवतो आणि म्हैस राखेत लोळून आल्यासारखी येते. पांढराशुभ्र देवणी बैल पुढे केला तर उलटं, तो मळकट. उपाय कॅमेऱ्यावरच्या एका चाकाचा, फोटोतला उजेड कमी-जास्त करणाऱ्या : म्हशीला उणे एक-दीड, बैलाला अधिक. दुसऱ्या दिवशी उणे दीडवर फोटो काढून नेला. तात्या म्हणाले, "हां, ही माझी." गुण दिले नाहीत, पण तांब्याभर ताक दिलं. तो फोटो मी चौकट करून बैठकीत लावला.

झालं, माझ्या अंगात तात्या संचारले. खरं सांगणं ही केवढी मोठी सेवा आहे, असं वाटू लागलं. नेमका त्याच आठवड्यात धाराशिवकडच्या एका काकांनी नळदुर्गच्या किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून पडणाऱ्या नर-मादी धबधब्यांचा फोटो टाकला. खाली अर्थात 'मार्गदर्शन करावे'. मी बसलो की करायला! लिहिलं : शटर फार सावकाश ठेवल्याने पाण्याचं दूध झालंय आणि आभाळ करपून पांढरं पडलंय. बंधारा डावीकडे इतका कललाय की बोरी नदी उलटी फिरून तुळजापूरला जाईल. आणि कोपऱ्यातलं तुमचं नाव धबधब्यापेक्षा मोठं आहे. चौकट चांगली. दहापैकी सहा.

माझ्या हिशेबाने सहा म्हणजे प्रथम श्रेणी.

ग्रुपवर सुतकी शांतता पसरली. मग माझ्या पुढच्या फोटोला, निष्पाप पळसाच्या झाडाला, तीन, दोन आणि एक. शेरा एकच : 'अजून सराव करावा.'

महिन्याभराने पुतणीला बघायला पाहुणे आले. पोहे फिरले. मुलाचे चुलते भिंतीवरच्या चौकटीपाशी जाऊन थांबले.

"ही म्हैस वळखीची वाटूलालीय."

"आमच्या तात्यांची," मी कौतुकाने म्हणालो.

"तवा जरा गोरी हुती." ते वळले. "मी दहा दिले हुते हिला. तुम्हीच का ते सहावाले मास्तर?"

बैठकीत चमच्यांचा आवाज थांबला. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत सटकलो. बायकोने सगळं ऐकलं होतं.

"अहो, त्यांनी तुमच्या म्हशीला दहा दिले होते?"

"हो."

"अन् तुम्ही सहा परत केले? आहेर कधी कमी करून फेडतात का? वहीत लिहून ठेवतात लोक!"

मी म्हणालो, आहेर वेगळा, समीक्षा वेगळी. ती म्हणाली, चहा न्या बाहेर.

चहाबरोबर मी चुलत्यांना लेन्स कुठली, स्टँड कुठलं, असं विचारत राहिलो. ते विरघळले. निघताना म्हणाले, "चला, सगळ्यांचा एक काढू." स्टँड गाडीतच होतं. टायमर लावून पळत येऊन मधोमध बसले.

रात्री फोटो ग्रुपवर आला. मागची भिंत, भिंतीवरचं घड्याळ आणि आमचे वडील, असं सगळं घर मिळून औशाच्या दिशेने कललेलं. आमच्या वहिनी निम्म्याच. कोपऱ्यात चुलत्यांचं नाव, मुलीच्या चेहऱ्याएवढं. खाली : 'होणाऱ्या सोयऱ्यांच्या घरी. चुका सांगाव्यात.'

बायको मागे येऊन उभी राहिली होती. मी दहा दिले. तिने वाकून पडद्याकडे पाहिलं.

"नुसते दहाच? शब्दाने काही तरी लिहा की."