बटाटे सोलणारी बाई आणि तीन तास एकवीस मिनिटं

'मिसेस' हा सासरच्या स्वयंपाकघरात अडकलेल्या सुनेचा सिनेमा आल्यापासून आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर स्वयंपाकघराचा विषय निघाला की दोन तट पडतात. एकीकडे "हल्ली मिक्सर आहे, वॉशिंग मशीन आहे, मग त्रास कसला?" म्हणणारे काका. दुसरीकडे त्यातल्या सुनेच्या, म्हणजे सान्या मल्होत्राच्या, बाजूने तावातावाने लिहिणाऱ्या आणि मध्येच कुकर उतरवायला उठणाऱ्या माम्या-वहिन्या. मी ब्रसेल्सहून त्यात दिग्दर्शिका शांताल आकेरमानच्या 'झान दिएलमान' या सिनेमाचं नाव टाकलं आणि दोन्ही तट माझ्यावर उलटले. "तिकडे बसून असले सिनेमे परवडतात," असं मामेभावाने सुनावलं.

सिनेमा १९७५चा, इथलाच. ब्रसेल्सच्या के द्यु कॉमर्स या रस्त्यावरचा पत्ता त्याच्या पूर्ण नावातच आहे. एक विधवा, शाळेत जाणारा मुलगा, तीन दिवस. झानच्या भूमिकेतली देल्फिन सेरिग बूट पॉलिश करते, भांडी घासते, खिमा मळते. दुपारी एक पुरुष येऊन जातो, त्याचे पैसे ती सूपच्या भांड्यात टाकते आणि पुन्हा ओट्याशी उभी राहते. कॅमेरा जागचा हलत नाही, पार्श्वसंगीत नाही. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. बस्स. पातेलं हातात घेऊन ती घरात फिरते, ते कुठे ठेवावं हेच तिला सुचत नाही. तोवर आपण तिच्या शिस्तीत इतके मुरलेले असतो की पोटात गोळा येतो. तिसऱ्या दिवशी जे होतं त्याची चर्चा फार होते. माझ्या डोक्यात पातेलंच राहिलंय.

त्यानंतर आईशी व्हिडिओ कॉल पहिल्यासारखा राहिला नाही. ती फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते. मला तिची पाठ, ओट्याचा कोपरा आणि तव्याची कड दिसते. ती चौकटीबाहेर गेली की नुसतं लाटणं ऐकू येतं. इतकी वर्षं मी त्यावर माझंच पुराण लावत होतो. आता मध्येच गप्प बसून बघतो. "नेटवर्क गेलं का रे?" असं ती विचारते.

'मिसेस' मला आवडला, पण त्यात बोट दाखवायला सासरा आहे, नवरा आहे. झानच्या घरात तिला कोणी छळत नाही, तरी ती मोडत जाते. काकांचा मुद्दा तिथे लटका पडतो, आणि खरं सांगायचं तर वहिनींचाही थोडा.

राहिला परवडण्याचा प्रश्न. इथलं प्रत्येक माणूस आकेरमान कोळून प्यायलंय असं मुळीच नाही. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाच्या सर्वोत्तम सिनेमांच्या यादीत हा सिनेमा पहिला आला, तेव्हा माझ्या ऑफिसातल्या बऱ्याच जणांनी त्याचं नाव प्रथमच ऐकलं. फरक इतकाच की सिनेमाला सरकारी अनुदान मिळालं होतं आणि सिनेमातेक नावाचं फिल्म संग्रहालय तो जपून ठेवतं. पण हे आपल्याकडेही होतंच की! पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या मणी कौलने आकेरमानच्या सहा वर्षं आधी, १९६९ मध्ये, 'उसकी रोटी' केला. ड्रायव्हर नवऱ्याची भाकरी घेऊन बसची वाट बघत उभी असलेली बाई; तोच संथपणा, पैसाही सरकारच्याच फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचा. यावर सरकारी पैसा कशाला, अशी ओरड तेव्हाही झाली. मामेभाऊ राहतो कोथरूडला. तिथून लॉ कॉलेज रोडचं फिल्म अर्काइव्ह रिक्षाच्या अंतरावर. त्याने तिथे पाऊल ठेवलेलं नाही, हा काही ब्रसेल्सचा दोष नाही.

शेवटी त्याने 'झान दिएलमान' लावला, तोही दीडपट वेगाने. "बघितला. बटाटे सोलते," असा अभिप्राय आला.

त्याच्या बायकोने त्याखाली लिहिलं, की मलाही बघायचाय, पण तीन तास एकवीस मिनिटं सलग कधी मिळतील ते कोणीतरी सांगा. त्यावर कोणी काही लिहिलेलं नाही.