साठ हजार पटीची हळद

रविवारी सकाळी मामीचा फोन आला. “आता स्टेटसवर लिहाचं नाई काई. नुसता फोटो टाकाचा. मेसेज आला न गटाच्या ग्रुपवर!”

मामीचा बचत गट वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात वायगाव हळद पिकवतो, दळतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विकतो. मेसेज म्हणजे ‘धंदा वाढवणाऱ्या फोटोचे ७ नियम’. तुमच्याकडेही आला असेल. मला तो एकाच आठवड्यात चार जणांनी पाठवला. त्यातले एक चुलत सासरे, ज्यांचा कुठला धंदाच नाही. मी हिंगणघाटला लग्नाचे फोटो काढतो, फ्लेक्स छापतो. फोटोची महती गाणारा मेसेज खरं तर माझ्या फायद्याचा. तरी लिहायला बसलो, कारण मामीने तो अमलात आणला.

नियम पहिला: “मेंदूला मजकुरापेक्षा फोटो ६०,००० पट लवकर समजतो. म्हणून लिहू नका, दाखवा.”

हा आकडा इंग्रजी मार्केटिंगवाल्यांकडून फिरत फिरत आपल्याकडे आला. बहुतेक वेळा तो ३एम कंपनीच्या नावावर खपवतात. त्यामागचा प्रयोग शोधायला गेलेल्यांच्या हाती काही लागलं नाही. पण प्रयोग शोधायची गरजच काय, पाटीवरचा गुणाकार पुरतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात मेरी पॉटर यांच्या गटाने २०१४ साली एक अभ्यास छापला. लोकांना चित्रं झरझर दाखवली, एकेक चित्र अवघं १३ मिलिसेकंद (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग). तेवढ्यातही ‘सहल’, ‘हसणारं जोडपं’ असं काही चित्रात होतं की नाही, हे लोक निव्वळ अंदाजापेक्षा जास्त वेळा बरोबर सांगू शकले. आता १३ मिलिसेकंदांना ६०,००० ने गुणा. ७८० सेकंद आले, म्हणजे १३ मिनिटं. नियम खरा मानला तर ‘हळद’ एवढा एक शब्द वाचायला १३ मिनिटं लागायला हवीत! मेसेज साधारण २०० शब्दांचा आहे. त्या हिशोबाने तो वाचायला ४३ तास. मामीने तो चुलीवर दूध ठेवून वाचला, आणि दूध उतूही गेलं नाही.

उलटा हिशोब तर आणखी भारी. सरावाच्या माणसाला एक शब्द वाचायला साधारण पाव सेकंद लागतो. त्याला ६०,००० ने भागलं तर सेकंदाचा जवळपास अडीच लाखावा भाग उरतो. मेंदूतल्या एका पेशीला एकदा ठिणगी टाकायलाच जवळपास एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे त्याच्या सुमारे अडीचशे पट. पहिली पेशी जागी व्हायच्या आत फोटो समजूनही झाला म्हणायचा!

बरं, झटक्यात समजलं तरी काय समजलं? हळद आहे, एवढंच. कुठली, यंदाची की मागची, किलोला किती, पोस्टाने येते का, हे फोटोत कुठे दिसतं? मामीने मजकूर काढला आणि दोन दिवस नुसते ‘भाव काय’चे मेसेज. प्रत्येकाला उत्तर म्हणून तिने तेच टाइप केलं, जे स्टेटसवरून खोडलं होतं.

नियम दुसरा: “गूगलवरचे फोटो सगळ्यांसाठी मोफत असतात.”

हे लिहिणारा भेटला तर त्याच्याच लग्नाचा अल्बम मी माझ्या फ्लेक्सवर लावणार आहे, न विचारता. गूगल फोटो शोधून देतं, त्याची मालकी देत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. पण कायदा राहू द्या, नोटीस यायची तेव्हा येईल. मामीचं नुकसान त्याआधीच झालं. तिने उचललेल्या फोटोत चिनी मातीची पांढरी वाटी, दालचिनी, लिंबाची फोड. मामीच्या घरात दालचिनी कधी आली ते आठवत नाही. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक ताईंनी विचारलं, “हाच फोटो दुसऱ्या एकाकडे पाहिला. तो सांगलीची हळद म्हणतो. तुमची नेमकी कुठली?”

वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते ती इथली आहे म्हणून. मामीकडे विकायला मुख्य हेच आहे, आणि फुकटच्या फोटोपायी नेमका त्यावरच संशय आला. शेवटी ताईंना वावराचा व्हिडिओ पाठवावा लागला. “मले चोर समजली का ते?” मामी दिवसभर हेच विचारत होती.

नियम तिसरा म्हणतो, सगळी माहिती फोटोवरच छापा, नंबरासकट. पहिल्यात लिहू नका, तिसऱ्यात सगळं लिहा! लिहिणाऱ्याने आपलाच मेसेज वाचलेला दिसत नाही. कसा वाचणार, ४३ तास कुठून आणायचे? व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून पाठवतं, त्यात बारीक अक्षर फुटतं. फोटोतल्या नंबरावर बोट ठेवून थेट फोन लागत नाही. नाव आणि भाव मोठ्या अक्षरात फोटोवर घ्या, बाकीचं खाली टाइप करा.

चौथा म्हणतो, फोटोवर २० टक्क्यांहून जास्त अक्षरं चालत नाहीत. हा फेसबुकच्या जाहिरातींचा जुना नियम. तो २०२० मध्येच गेला, आणि स्टेटसला कधी नव्हताच. पाचवा, लाल-पिवळ्या रंगाने विक्री वाढते म्हणे. हळद पिवळीच असते, पुढे चला. रोज सुप्रभातचा फोटो टाका, हा सहावा. टाका, लोक म्यूट करतील.

सातव्याला मात्र नाइलाजाने मान डोलवतो. “फोटोत चेहरा हवा.” जॉर्जिया टेक आणि याहू लॅब्जच्या संशोधकांनी २०१४ मध्ये इन्स्टाग्रामचे ११ लाख फोटो तपासले. चेहरा असलेल्या फोटोंना लाइक मिळण्याची शक्यता ३८ टक्क्यांनी जास्त निघाली. लाइक म्हणजे ऑर्डर नाही, हे सोडून देऊ. पण चेहरा बाईचा की पुरुषाचा, तरुण की म्हातारा, याने काही फरक पडत नाही, हेही त्यातच आहे. मग त्यासाठी इंटरनेटवरची हळदीच्या दुधाचा ग्लास धरलेली एखादी पोरगी उचलायची कशाला?

बुधवारी कॅमेरा घेऊन गेलो. सकाळचं कोवळं ऊन, अंगणात सुपात हळकुंडं, मागे मामी, हात मनगटापर्यंत पिवळे. खाली गावाचं नाव, यंदाचं पीक, वजन, भाव, पोस्टाचा खर्च.

“मी काळी दिसून राहिली याच्यात. फिल्टर मार नं,” मामी म्हणाली.

“मारतो. पण हळदही गोरी होईल.”

तिने फोन हातात घेतला, फोटो मोठा करून हळकुंडं पाहिली. मग तसाच टाकू दिला.