शून्याने भागलं कुठे?

शेष सिद्धांतावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. क्ष³ − ४क्ष² + ५क्ष − ७ सारख्या बहुपदीला क्ष − ३ ने भागल्यावरची बाकी हवी असेल तर भागत बसू नका, बहुपदीत क्ष च्या जागी ३ ठेवा, येईल तीच बाकी, असं हा सिद्धांत सांगतो. क्ष च्या जागी ३ ठेवला की भाजक क्ष − ३ शून्य होतो, म्हणजे मी चोरून शून्याने भागतोय, हा तुमचा पहिला आक्षेप. बाकी −१ आली, ती ऋण कशी, हा दुसरा. शिवाय 'सरळ भागाकार करता येत असताना ही जादू कशाला' हा टोमणाही पोचला.

पहिल्यात चूक माझीच. मी अपूर्णांकाची मांडणी दिली होती, छेदात क्ष − ३ ठेवून. तिथे क्ष = ३ ठेवायला खरोखरच बंदी आहे. शेष सिद्धांताला ती मांडणी लागतच नाही. लेखात दुरुस्ती केलीय. आता तेच उदाहरण असं आहे:

क्ष³ − ४क्ष² + ५क्ष − ७ = (क्ष − ३)(क्ष² − क्ष + २) − १

यात भागिलेचं चिन्ह कुठे दिसतंय? उजवीकडचे कंस सोडवा, डावी बाजू पदापदाने जुळते. म्हणून क्ष ची कुठलीही किंमत चालते. ४ ठेवा, दोन्हीकडे १३. ३ ठेवा, पहिला कंस शून्य. तो गुणतोय, भागत नाहीये. शेजारच्या कंसात काहीही असो, उरते −१. शून्याने गुणायला कुणाचीच ना नाही.

ऋण बाकीचा प्रश्न मात्र मला आवडला. संख्यांमध्ये बाकी भाजकापेक्षा लहान हवी. पण क्ष − ३ मोठी की −१? क्ष कळल्याशिवाय सांगणार कसं? म्हणून बहुपदींमध्ये आकार नाही, कोटी, म्हणजे क्ष चा सर्वांत मोठा घातांक, बघतात. भाजकाची कोटी १, तेव्हा बाकीत क्ष उरता कामा नये, एवढीच अट. मग ती ऋण असो की अपूर्णांक.

४क्ष³ + ७क्ष² + २क्ष + ५ ला क्ष − १ ने भागा. क्ष = १ ठेवला की बाकी १८, तक्रार नाही. आता क्ष = १० घ्या: भाज्य ४७२५, भाजक ९, आणि १८ ही बाकी म्हणून चालेना! पुन्हा ९ ने भागली की शून्य. अंकांची बेरीज करून आपण ९ ची कसोटी लावतो, ती हीच.

भागाकारही हवा असेल तर हा सिद्धांत तो देत नाही, हे तुमचं मान्य. पण क्ष¹⁰⁰ − ५ ला क्ष + १ ने सरळ भागून बाकी काढा आणि कळवा. ती पुन्हा ऋणच येईल.