'आठ दिवसांत समुद्र घरात': त्या मेसेजचा एकेक मुद्दा

घरी समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी आठ दिवसांत लावा, असं सांगणारा हा मेसेज सोमवारी मला तिसऱ्यांदा आला. या वेळी पाठवणाऱ्या मित्राने खाली विचारलं होतं, "दादा, हे खरं का रे? टाकी तर भरून ठेवलीये." म्हणून हे लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: दोन फुटी टाकीत खडेमीठ घातलेलं नाहीतर चौपाटीवरून आणलेलं पाणी भरा. किनाऱ्यावरचे दगड-प्रवाळ फुकटात मिळतात, ते लावा. आठ दिवस फिल्टर चालवा. पाणी नितळ झालं की चार कणखर डॅमसेल (छोटे समुद्री मासे) सोडा. ते जगले म्हणजे टाकी 'सेट' झाली. मग निमो (क्लाउन मासा), ब्लू टँग मासा, ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) सगळं एकदम आणा, म्हणजे मासे भांडत नाहीत. आजार आलाच तर औषध घाला.

मिठापासून सुरुवात करू. समुद्राच्या मिठात वजनाने सुमारे 85 टक्के सोडियम आणि क्लोराइडच असतं, हे खरं. पण मासे आणि प्रवाळ उरलेल्या 15 टक्क्यांवरही जगतात: मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, पाण्याचा पीएच धरून ठेवणारे क्षार. मिठागरात मीठ धरल्यावर जे कडवट पाणी सोडून देतात, त्यातच बहुतेक मॅग्नेशियम निघून जातं. म्हणजे खडेमीठ पाण्यात विरघळवून समुद्र परत मिळत नाही. मत्स्यालयासाठी बनवलेलं सॉल्ट मिक्स आरओच्या पाण्यात घालायचं आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं उपकरण) घनता 1.025 च्या आसपास आणायची. चौपाटीच्या पाण्यात सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाजवळ ते इतकं गोडं होतं की मोजल्याशिवाय भरवसा नाही. आणखी एक: टाकीतलं पाणी उडतं तेव्हा मीठ मागेच राहतं. रोजची तूट गोड्या आरओ पाण्याने भरायची, खाऱ्याने नाही. मे महिन्यात पंख्याखालच्या उघड्या टाकीत हा फरक दोन दिवसांत दिसतो.

फुकटच्या प्रवाळांबद्दल दोनच वाक्यं. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2001 सालापासून प्रवाळांना संरक्षण आहे, आणि मालवणचा किनारा तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. कोरडे खडक किंवा सिरॅमिकचे दगड दुकानात मिळतात, ते घ्या.

आता मूळ दुखणं: "पाणी नितळ झालं की टाकी तयार." नितळपणा गाळावर ठरतो आणि मासा मरतो अमोनियाने. अमोनियाला रंग नाही. माशाच्या कल्ल्यांतून तो सतत बाहेर पडतो, उरलेलं खाणं कुजलं की वाढतो. दगडांवर, वाळूत, फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठ दिवसांत ती नसल्यातच जमा असते. त्यातून खाऱ्या टाकीचा पीएच 8.2 च्या आसपास असतो. तेवढाच अमोनिया 7 पीएचच्या गोड्या टाकीत असतो, त्यापेक्षा इथे त्याचा विषारी भाग दहापटीहून जास्त निघतो. 'माझे गप्पी तर असेच जगले' हा अनुभव म्हणूनच इथे कामाचा नाही. (नायट्राइटची गोष्ट उलटी आहे. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे तो माशाला फारसा बाधत नाही. गोड्या पाण्यातून आलेली माणसं नेमकी त्यालाच घाबरतात.)

या जिवाणूंना खायला घालायला मासा लागत नाही. बाजारातून एक कोळंबी आणा, जुन्या मोज्यात घालून टाकीत टांगा. मी टांगली तेव्हा चार दिवसांनी आमच्या आईने विचारलं होतं, "घरात बोंबील वाळत घातलेत का?" वास सहन होत नसेल तर अमोनियम क्लोराइडचं द्रावण मिळतं, ते मापून घालायचं. घातलेला अमोनिया आणि त्यातून झालेला नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर आले, तर टाकी तयार. बाटलीतले जिवाणू वापरले तरी ही तपासणी टळत नाही, कारण ती बाटली उन्हात किती दिवस फिरून आली हे लेबलावर लिहिलेलं नसतं.

कणखर डॅमसेलचा मुद्दा मला जास्त लागतो, कारण तीच चूक मी केली होती. पहिल्या टाकीत दहाव्या दिवशी तीन डॉमिनो डॅमसेल सोडले. रात्री दिवा लावला तर तिघे पृष्ठभागाशी, पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) धारेत, कल्ले भात्यासारखे हलवत. टेस्ट किटची नळी गडद हिरवी, म्हणजे अमोनिया भरपूर. दोन सकाळपर्यंत गेले. तिसरा जगला आणि पुढचं वर्षभर त्याने टाकीवर राज्य केलं: नवा आलेला प्रत्येक मासा कोपऱ्यात दाबून शेपटी कुरतडली. त्याला पकडायला सगळे दगड उपसावे लागले. म्हणजे 'जगले तर सेट' या चाचणीत मासा मेला तर पैसे गेले, आणि जगला तर गुंड राहिला.

"एकदम आणा म्हणजे भांडत नाहीत" यात थोडं तथ्य आहे. उशिरा आलेल्याला मार पडतो, हे दिसतंच. पण त्यावर उतारा क्रमाचा: भित्रे मासे आधी, दादागिरी करणारे शेवटी. जिवाणूंची वस्ती जेवढा अमोनिया मिळतो तेवढीच वाढते. दोन माशांवर पोसलेल्या टाकीत एका दिवशी सात मासे आले की तोच अमोनिया पुन्हा डोकं वर काढतो. एका वेळी एक किंवा जोडी, मग दोन-तीन आठवडे थांबायचं. पहिली जोडी क्लाउनची चालेल, तीही संवर्धन केंद्रात वाढवलेली. क्लाउनला ॲनिमोन लागतच नाही, आणि ॲनिमोन सहा महिन्यांच्या आत आणूही नये. ब्लू टँग तर दुकानात बोटाएवढा दिसतो, वाढतो फूटभर. दोन फुटी टाकीत तो वळणार कसा?

राहिलं औषध. खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या अंगावर परजीवीमुळे येणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध चालतं, पण त्याच टाकीत घातलं तर शंख, कोळंब्या, ॲनिमोन मरतात आणि दगड-वाळू तांबं शोषून बसतात. आणि ठिपके चार-सहा दिवसांत आपोआप गळतात, तेव्हा लोक म्हणतात औषध लागू पडलं. गळलेला परजीवी तळाशी कोष करतो आणि त्यातून शेकडो नवे बाहेर पडतात. मग दोन-अडीच महिने टाकीत एकही मासा न ठेवणं हाच मार्ग उरतो. त्यापेक्षा स्पंज फिल्टर आणि पाइपचा तुकडा टाकलेल्या साध्या टबात नवा मासा महिनाभर वेगळा ठेवणं परवडतं.

त्या मित्राकडे काल किट घेऊन गेलो. टाकीचा आठवा दिवस, पाणी काचेसारखं, फिल्टरमागे ठेवलेल्या, किनाऱ्यावरून आणलेल्या दगडाला चिकटून काहीतरी मेलेलं. पाच मिली पाणी घेतलं, थेंब घातले, पाच मिनिटं दोघे नळीकडे बघत बसलो. हिरवी झाली. शनिवारी मासे आणायला क्रॉफर्ड मार्केटला जायचं ठरलं होतं, ते त्याने पुढे ढकललं आणि कोळंबी कितीला मिळते ते विचारलं.