केंद्राचं उत्तर: ‘गाण्याची लाच’ या रिव्ह्यूला

नमस्कार ताई,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की आमच्या डे-केअरमध्ये भावाला गाण्याची लाच दाखवतात, त्याने टेबल बडवलं की गाणं बंद करून शिक्षा करतात, आणि घरी तर आता मोबाइलवर गाणं लावल्याशिवाय तो गप्पच होत नाही. त्याचं नाव, निदान यातलं काही मी इथे लिहिणार नाही. तुम्ही मांडलंत तेवढ्यावरच बोलते.

आधी आमची चूक. गेल्या मंगळवारी आमच्या मदतनिसाने गाणं मध्येच तोडलं आणि वर दरडावलं, हे खरं आहे. तुम्ही दारात होतात म्हणून तुम्हाला दिसलं, मला संध्याकाळी वहीतून कळलं. माफ करा.

गाणं थांबवणं शास्त्रात बसत नाही असं नाही. १९६२ साली अमेरिकेत बिअट्रिस बॅरेट यांनी अंगाला सतत झटके येणाऱ्या एका रुग्णावर तसा प्रयोग केला होता. झटका आला की चालू संगीत क्षणभर थांबायचं, आणि झटके कमी झाले. पण तिथे काम यंत्र करत होतं, ते डोळे वटारत नव्हतं. माणसाच्या हातात बंद करायचं बटण दिलं की त्याची छडी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून आमचा नियम असा की सुरू झालेलं गाणं ठरलेल्या वेळेआधी तोडायचं नाही.

आम्ही करतो ते असं. पहिले काही दिवस फक्त पाहायचं: बडवणं कशासाठी आहे? कुणी लक्ष द्यावं म्हणून, काम टाळायला, की दाढ दुखतेय म्हणून? दाढ दुखत असेल तर गाणं काय करणार, डेंटिस्टकडेच न्यायला हवं. मग सरासरी दर चार मिनिटांनी बडवणं होत असेल तर टायमर तीन मिनिटांचा लावायचा. तेवढा वेळ शांत गेला की त्याने स्वतः निवडलेलं गाणं अर्धा मिनिट. जमलं की वेळ हळूहळू वाढवायची. गणपतीत समोरच्या मंडळाचा लाउडस्पीकर दिवसभर चालू होता, तेव्हा आमच्या अर्ध्या मिनिटाला कोण विचारतो! पोट भरलेल्याला वडापाव दाखवण्यातली गत. त्या दिवसांचे आकडे वहीत चढलेलेच आहेत.

आता लाचेबद्दल. राग येईल, तरी लिहिते. शांत बसल्यावर मिळालेलं गाणं आणि ओरडणं थांबावं म्हणून लावलेलं गाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात तो शिकतो की ओरडलं की मोबाइल येतो. घरी नेमकं हेच होतंय, तुमच्याच वाक्यात ते आलंय. आणि ते एकदम बंद केलंत तर सुरुवातीला ओरडणं वाढेल. आजवर मिळत होतं ते मिळेनासं झालं की कुणीही आधी जास्त जोर लावतो. दाखल करताना हे तोंडी सांगितलं होतं, लेखी द्यायला हवं होतं. तीही चूक आमचीच.

स्पीकर आता फक्त थेरपिस्टकडे असतो. जेवणाच्या वेळेचं गाणं सगळ्यांना मिळतं, कोण कसं वागलं ते न बघता. मंगळवारचे पैसे पुढच्या बिलात वजा होतील.

शनिवारी साडेचारला या, वही तुमच्यासमोर उघडते. येताना एवढंच लिहून आणा: घरी मोबाइल कोण देतं आणि त्याआधीच्या मिनिटात तो काय करत असतो.